कॉलेजात का नाही लागलात?

केमिस्ट्रीत पीएचडी करणारी मुलं मला आडून आडून विचारतात, "मॅडम, तुम्ही कॉलेजात का नाही लागलात?" माझी कराडची मावशी आडून विचारत नाही. तिच्या मते इतकी वर्षं शिकून पोरगी कुठे 'लागली' नाही, म्हणजे सगळं पाण्यात. मी पेटंट एजंट आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या शोधांचे पेटंटचे अर्ज लिहिते. हे तिला एलआयसीच्या एजंटासारखं काहीतरी वाटतं, आणि शेजारणींना तसं सांगूनही झालंय, त्यामुळे आता मी बोलत नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून खरं सांगते. मी ठरवून काहीच केलं नाही, आणि त्याचे पैसे मोजले.

2010 मध्ये पुण्यात जेआरएफ, म्हणजे पीएचडीसाठीची ज्युनिअर फेलोशिप, सुरू झाली तेव्हा महिन्याला 16,000 रुपये मिळायचे. (2023 पासून ते 37,000 झालेत.) खोलीभाडं, मेस जाऊन थोडे घरी पाठवता यायचे. मला वाटायचं, झाली की नोकरी सुरू. फसगत होते ती इथेच. दोन वर्षं जेआरएफ, मग तीन वर्षं एसआरएफ, म्हणजे सीनिअर, की फेलोशिप संपली. प्रबंधाला हे कॅलेंडर माहीत नसतं. माझा सहाव्या वर्षाच्या शेवटी जमा झाला. मधले अकरा महिने दादाच्या पैशांवर काढले. दादा-वहिनी एका शब्दानं बोलले नाहीत. मीच चपलेचा अंगठा दोनदा शिवून घेतला.

कॉलेजात शिकवायला लागणारी सेट परीक्षा झाली होती, म्हणून पुढे वर्षभर एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलंही. पैसे तासांवर, आणि तेही वर्ष संपल्यावर एकदम. शिकवायला मला मनापासून आवडायचं. पण पुढच्या जूनमध्ये बोलावतील की नाही, हे प्राचार्यांनाही सांगता येईना.

खरं तर वाट तीन वर्षं आधीच समोर येऊन गेली होती. माझा विषय पॉलिमॉर्फ, म्हणजे एकाच औषधी रेणूचे वेगवेगळे स्फटिक. 1 एप्रिल 2013 ला सुप्रीम कोर्टानं नोव्हार्टिसला ग्लिव्हेक या कॅन्सरच्या औषधाचं पेटंट नाकारलं. बातमीत 'बीटा क्रिस्टलाइन फॉर्म' असे शब्द होते. मी एक्सआरडीच्या, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायच्या तपासणीच्या, आलेखांवर रोज पेन्सिलीनं असलीच नावं लिहायचे, आणि इथे त्यावरून कोर्टात वर्षानुवर्षं भांडण चाललेलं! रात्री निकाल काढून वाचला. पेटंट कायद्याचं कलम 3(ड) म्हणतं की माहीत असलेल्या पदार्थाचं नुसतं नवं रूप चालणार नाही, त्यानं औषधाचा गुण वाढतो हे दाखवा. कायद्याची भाषा अर्धी डोक्यावरून गेली. स्फटिकांबद्दलची पानं मात्र मी गोष्टीसारखी वाचली.

दुसऱ्या दिवशी उत्साहानं गाइडांना सांगितलं. ते म्हणाले, "आधी तिसरा चॅप्टर आण." त्यांना बोल लावत नाही, त्यांनी जन्मात एकच वाट पाहिली होती. पण मी ते तिथेच सोडलं, ही चूक माझी. आमच्याच लॅबमधून बाहेर पडलेली एक ताई तेव्हा पेटंटमध्ये काम करत होती, तीही बाणेरला, लॅबपासून रिक्षाच्या अंतरावर. तिला फोन केला तो 2016 मध्ये.

ती पाऊण तास बोलली. पेटंट एजंटच्या परीक्षेला वकिलीची पदवी लागत नाही, विज्ञानाची चालते, हे मला तेव्हा कळलं. दोन पेपर आणि तोंडी. दोन्ही पेपरांत किमान 50 आणि सगळं मिळून 60 टक्के. परीक्षा दरवर्षी होईलच असं नाही, मला 2018 ची मिळाली. माझा पाच पानी बायोडेटा तिनं दीड पानावर आणला. पोस्टर, सेमिनार, सगळं उडवलं आणि एक ओळ घातली: 'एक्सआरडीचा डेटा वाचून त्यात नवं काय, ते लेखी मांडू शकते.' सहा वर्षं मी तेच करत होते, पण त्याला कौशल्य म्हणतात हे माझ्या गावी नव्हतं.

(जाता जाता, न विचारलेलं एक: काही नवं हाती लागलं असेल तर पेपर छापून येण्याआधी पेटंटचा अर्ज करा. एकदा छापलं की नावीन्य गेलं, मग माझ्याकडे येऊन रडण्यात अर्थ नाही.)

बाकी सल्ला एवढाच देते, की तिसऱ्या वर्षी तुमच्या लॅबमधून गेल्या दहा वर्षांत बाहेर पडलेल्यांची यादी करा. गाइडांना विचाराल तर प्राध्यापक झालेले तेवढे आठवतील. उरलेले लॅबच्या जुन्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छा देत असतात. त्यांना फोन करा. नोकरी मागायला नको, दिवसभर काय काम करता एवढंच विचारा.

गेल्या महिन्यात एका मुलानं पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी उलट विचारलं, "फेलोशिपचे किती महिने उरले?" त्यानं बोटांवर मोजले. मग खिशातून मोबाइल काढला आणि पुन्हा मोजले.