टेबलाच्या दगडाची जाडी : खानापूर ते बेळगाव, दोन फेऱ्या

खानापूरहून बेळगाव जेमतेम सव्वीस किलोमीटर आहे. तरीही जेवणाच्या टेबलासाठी सिंटर्ड स्टोन (भट्टीत भाजून बनवलेला कृत्रिम दगड) आणायला मला आणि माझ्या दिरांना महिन्याभरात दोन वेळा जावे लागले. पहिली फेरी आमच्याच चुकीने वाया गेली. टेबलाची लांबी आणि रुंदी आम्ही मोजून नेली होती, पण दुकानदाराने पहिलाच प्रश्न सांगाड्याबद्दल विचारला: तो लाकडी आहे की लोखंडी, मधे आडव्या पट्ट्या किती आहेत आणि दगड कडेने किती बाहेर काढायचा आहे? भावजी स्वतः सुतारकाम करतात, तरी यातले एकही माप त्यांच्या वहीत नव्हते. त्यामुळे तिथे जाण्यापूर्वी सांगाड्याचे मापासहित साधे चित्र काढून न्यावे आणि वरून, खालून व बाजूने मोबाइलवर फोटोही घ्यावेत.

मी एवढी चौकशी करण्याला जुने कारण आहे. आमच्या पूर्वीच्या सागवानी टेबलावर सहा एमएमचा दगड घट्ट चिकटवून घेतला होता आणि दुसऱ्याच पावसाळ्यात तो एका कोपऱ्यापासून तिरका तडकला. खानापूरच्या पावसात लाकूड फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, दगड मात्र जागचा हलत नाही. पाठीला पूर्ण कडक गोंद लावल्यामुळे लाकडाची सगळी ओढ त्या पातळ दगडावर आली. दोष दगडाचा नव्हता, हे मला बेळगावात कळले.

ज्यांच्या गावात कौलांच्या भट्ट्या होत्या त्यांना हा दगड समजायला अवघड नाही. माती, फेल्डस्पार, सिलिका आणि खनिज रंग यांची भुकटी प्रचंड दाबाखाली थापून सुमारे बाराशे अंश सेल्सिअसला भाजतात. आपल्याकडे येणारा बराच माल गुजरातेतील मोरबीचा असतो. क्वार्ट्‌झ नावाच्या कृत्रिम दगडात असते तशी राळ (रेझिन) यात नसते, म्हणून गरम भांड्याने तो क्वार्ट्‌झसारखा करपत नाही. मात्र दुकानात क्वार्ट्‌झ, जाड व्हिट्रिफाइड टाइल आणि सिंटर्ड स्टोन शेजारी-शेजारी उभे असतात आणि विक्रेता तिन्हींना ‘स्लॅब’ म्हणतो. (आमच्या गवंड्याला ‘स्लॅब आणायला चाललोय’ सांगितले, तर त्याने सिमेंटची किती पोती लागतील ते विचारले.) कापलेली कड अवश्य पाहावी. अनेक नमुन्यांत वरच्या नक्षीची शीर (रेघ) पोटापर्यंत उतरत नाही आणि कड एकरंगी दिसते.

दुसऱ्या फेरीत आम्ही सकाळी लवकर निघालो, कारण मच्छे, पिरनवाडी आणि उद्यमबाग ओलांडून टिळकवाडीकडे जाताना वाटेत वेळ जातो. दुकानातून आम्ही थेट कटाईच्या शेडमध्ये गेलो. तिथल्या वयस्क मेस्त्रींनी सहा आणि बारा एमएमच्या, हातभर लांबीच्या दोन पट्ट्या दोन-दोन विटांवर आडव्या ठेवल्या आणि मला म्हणाले, “वहिनी, मधोमध हलकेच दाबून बघा.” सहाची पट्टी बोटाखाली किंचित दबल्याचे जाणवले, बाराची मात्र हलली नाही. जाडी दुप्पट झाली की वाकण्याला होणारा विरोध आठपट होतो आणि मोडण्याची ताकद चौपट होते, हे गणित भावजींनी घरी येऊन मांडले. मला मात्र ते त्या विटांवरच पटले होते.

मग वीस एमएमचाच का घेऊ नये? अडचण वजनाची आहे. हा दगड बारा एमएमला चौरस मीटरमागे साधारण तीस किलो भरतो. आमचे टेबल १८०० बाय ९०० मिलिमीटरचे, म्हणजे सहाचा दगड चोवीस किलोच्या आसपास, बाराचा पन्नासाला टेकणारा आणि वीसचा ऐंशीच्या घरातला. एवढे वजन चार बारीक पायांवर ठेवणे आणि झाडलोटीसाठी रोज सरकवणे म्हणजे नुसते मनातले मांडे. वीस एमएम घ्यावा तो न हलणाऱ्या ओट्यासाठी किंवा जिथे दगड फूटभर आधाराविना बाहेर काढायचा आहे तिथे. बारा एमएमला सहा इंचांपेक्षा जास्त बाहेर काढू देणार नाही, असे मेस्त्रींनी स्पष्ट सांगितले आणि मला ते रास्त वाटले. सहा एमएम घ्यायचाच असेल तर खाली अखंड सपाट प्लाय किंवा काच हवी आणि चिकटवण सिलिकॉनसारखे लवचिक हवे.

जाड दिसावा म्हणून जाड दगड घेण्याचीही गरज नाही. बाराच्याच कडेला पंचेचाळीस अंशांचा कट देऊन खाली पट्टी जोडली, तर टेबल दोन इंच जाड दिसते. फक्त ती धार अगदी तीक्ष्ण ठेवू नये, किंचित घासून घ्यावी. ताट आपटले की टवका उडतो तो तिथेच. ही मजुरी रनिंग फुटावर (कडेच्या लांबीवर) असते आणि दगडाच्या दरात धरलेली नसते, म्हणून आधी विचारावी.

एक गोष्ट आम्हाला उशिरा सुचली. स्लॅबचा नेहमीचा मोठा आकार १६०० बाय ३२०० मिलिमीटर असतो. १८०० लांबीचे आमच्या मापाचे टेबल त्यातून एकच निघते. लांबी १६०० च्या थोडी आत ठेवली असती, तर आडवे कापून त्याच स्लॅबमधून तीन निघाली असती आणि शेजाऱ्यांशी खर्च वाटून घेता आला असता.

दगड टेम्पोत आडवा कधीच टाकू देऊ नये. तो तिरक्या लाकडी घोडीवर उभा बांधून, मधे थर्माकोल देऊन आणावा आणि घरातही उभाच उचलावा. तो येण्याआधी भावजींनी नव्या लोखंडी सांगाड्यावर लेव्हल ठेवून पाहिली, तर एक कोपरा तीन एमएमने खाली होता. त्या पायाखाली पत्र्याच्या चकत्या सरकवल्या, पट्ट्यांवर वीतभर अंतराने सिलिकॉनचे ठिपके दिले आणि तिघांनी मिळून बारा एमएमचा दगड वर टेकवला. चोवीस तास त्यावर काही ठेवायचे नव्हते, म्हणून त्या रात्री आम्ही जमिनीवर बसून जेवलो.