निफाडच्या बागेत, लासलगावच्या लिलावात

एआयचे फायदे तोट्यांपेक्षा जास्त, असं मानणारे चीनमध्ये ८३ टक्के, इंडोनेशियात ८०; अमेरिकेत जेमतेम ३९ आणि नेदरलँड्समध्ये ३६. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०२५ च्या एआय इंडेक्स अहवालातले हे आकडे वाचून नाशिक जिल्ह्यात फिरले. एका जिल्ह्यात तरी मत एकच असतं का, हे मला बघायचं होतं.

निफाडच्या द्राक्षबागा ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्यात आल्या होत्या. एका बागेत खांबावर हवामानाचं यंत्र होतं. पान किती वेळ ओलं राहिलं ते मोजून डाऊनी या बुरशीच्या रोगाचा धोका ते मोबाइलवर कळवतं. बागायतदार दादांनी एक पान दाखवलं. वरून तेलकट पिवळा डाग, उलटं केलं तर पांढरी बुरशी.

"ताई, हे दिसेपर्यंत वेळ गेलेली असते. फुलोऱ्यात डाऊनी आली की घडच जातात. आधी कळलं तर फवारणी वेळेवर होते."

त्यांच्या मुलाने मात्र औषधाचं प्रमाण चॅटबॉटला विचारायचं सोडून दिलंय. माल युरोपला जातो. तिथे द्राक्षात औषधाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला की माल नाकारतात, आणि तो तोटा चॅटबॉट भरून देत नाही. एकाच घरात यंत्रावर भरवसा आहे आणि चॅटबॉटवर नाही, आणि दोघांचंही मला पटलं.

लासलगावला वेगळंच ऐकलं. लिलावात व्यापारी ट्रॉलीतला कांदा उचलतात, दाबून बघतात, पत्ती म्हणजे वरची साल निरखतात आणि बोली सुरू होते. कांद्याची प्रत कॅमेऱ्याने ठरवली तर, असं मी विचारलं. बाजूला उभे असलेले काका लगेच म्हणाले, "येऊ द्या की! निदान सगळ्यांना एकच माप लागेल." यंत्र त्यांनी कधी पाहिलेलं नाही, पण माणसाच्या नजरेने पडलेला भाव वर्षानुवर्षं सोसलाय. पाठीवर गोणी घेतलेला हमाल मात्र थांबून एवढंच म्हणाला, "आज प्रत ठरवतील, उद्या गोण्याही उचलतील."

संध्याकाळी रामकुंडावर २०२७ च्या सिंहस्थाचीच चर्चा. इथे २००३ च्या कुंभात चेंगराचेंगरीत ३९ जण गेले, ते जुनी माणसं विसरलेली नाहीत. प्रयागराजला २०२५ मध्ये गर्दी मोजायला एआयचे कॅमेरे होते, तरी २९ जानेवारीला चेंगराचेंगरी झालीच. फुलं विकणाऱ्या मावशींना ते ठाऊक होतं. "कॅमेरे लावा ना, चांगलंच आहे. पण गर्दी वाढली असं त्याने सांगितलं की रस्ता बंद कोण करणार, ते आधी ठरवा."

सिंहस्थाच्या तयारीच्या प्रत्येक बैठकीत मावशींचा हा प्रश्न विचारला जावा, असं मला मनापासून वाटतं. रस्ता बंद करायचा अधिकार कोणाकडे, त्याचा नंबर कोणता आणि तो रात्री दोन वाजता फोन उचलेल का, हे पहिल्या पर्वणीआधी नाशिककरांना कळलं पाहिजे.