ऑपरेशननंतरचं दीड वर्ष

वजन कमी करायची स्लीव्ह सर्जरी, म्हणजे जठर लहान करायचं ऑपरेशन, होऊन दीड वर्ष झालं. पहिले ६ महिने मोटिव्हेशन वगैरे लागलंच नाही, वजन आपोआप उतरत होतं, भूकच नव्हती. जठराचा साधारण ७५-८० टक्के भाग काढतात ना, भुकेचं घ्रेलिन हार्मोन जास्त करून तिथंच बनतं, म्हणून. पण आता भूक परत यायला लागलीय, काटा २ महिने एकाच जागी अडकलाय, आणि खरं सांगते, हाच काळ अवघड आहे.

मग मी काय करते, तर सकाळी ६च्या आत सिद्धेश्वर तलावाला फेरी मारायला जाते, उन्हाळ्यात आपल्या सोलापूरचं ऊन ८ वाजताच चटके देतं त्यामुळे उशीर झाला की चालणं राहिलंच. ताटात आधी प्रोटीन, अंडं, पनीर नाहीतर मटकीची उसळ, आणि मग जागा उरली तर चतकोर ज्वारीची भाकरी. शेंगाचटणी सोडलेली नाही, चमचाभर घेते पण दह्यात कालवून, कोरडी खाल्ली की छातीत अडकल्यासारखं होतं. जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासाने घोट घोट. कॅल्शियम आणि आयर्नच्या गोळ्यांत २ तासांचं अंतर. बी-१२ कायमचं.

गड्ड्याच्या जत्रेत मात्र फार जड गेलं, सगळे खात होते आणि मला रडू आलं. तेव्हा सासूबाई काही न बोलता माझ्याबरोबर बाजूला येऊन बसल्या, ते मी विसरणार नाही.

यंदा हुरड्याला शेतावर बोलावलंय. जाणार आहे, उसळीचा डबा घेऊन.