टाळ थांबेपर्यंत

"सिस्टर, तुम्ही आणि वारीला?" हा प्रश्न मला चर्चमध्येही विचारला गेला आणि दिंडीतही. दिंडीतल्यांनी उत्तराची वाट न बघता हातात चहा दिला. चर्चमधल्यांना मात्र टिळकांची आठवण करून द्यावी लागली. ख्रिस्ती झालेले मराठी कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक शेवटच्या काळात आमच्या साताऱ्यातच राहिले, १९१७ मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' हा आपला भक्तसमूह इथंच सुरू केला आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो असं ते सांगत. त्यांची पदं आम्ही अजून टाळ-पेटीवर म्हणतो. त्यामुळे दिंडीत गेल्यावर ताल चुकेल ही भीती नव्हती. गुडघ्यांची होती.

माझं नर्सिंग मिरजेचं, डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलातलं. आता निवृत्त आहे. शेजारच्या काकूंच्या दिंडीबरोबर लोणंद ते फलटण चालायचं ठरलं, तेव्हा पिशवीत कपडे कमी आणि गॉज, बँडेज, मलमंच जास्त भरली. माउलींच्या पादुकांना नीरेत स्नान घालून पालखी सातारा जिल्ह्यात येते. सोहळ्याला शिस्त घालून देणारे हैबतबाबा आमच्याच आरफळचे, हे सातारकरानं सांगितल्याशिवाय राहू नये.

लोणंदपासून माझ्यापुढं पायच पाय. फोड आलेले, चिखल्या झालेले, पोटऱ्यांत गोळे आलेले. साखरेचं दुखणं असलेल्या एका आजोबांच्या तळव्यात बाभळीचा काटा मोडलेला आणि त्यांना पत्ताच नाही. काटा काढला, जखम धुतली, पट्टी बांधली आणि आता ट्रकमध्ये बसा म्हणून दटावलं. ते माझ्याच पाया पडले! मी मागं सरले तर म्हणाले, "माउली, नाही म्हणायचं नसतं." येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्या आठवणीत पवित्र गुरुवारी आमचे पाळकसाहेब बारा जणांचे पाय धुतात. दरवर्षी कोणीतरी पेत्र या शिष्यासारखं पाय ओढून घेतं. पाय धुणाऱ्यापेक्षा पुढं करणाऱ्याची पंचाईत जास्त असते, हे त्या आजोबांपुढं मला नीट कळलं.

वाटेत चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, म्हणजे दुतर्फा उभ्या वारकऱ्यांमधून माउलींचा घोडा धावला. घोडा इतका जवळून गेला की वाराच लागला. गर्दीत काकू हरवल्या आणि तरडगावात सापडल्या. तेवढ्यात त्यांनी नवी मैत्रीणही जोडली होती.

पण मला सांगायचंय ते संध्याकाळच्या तळाबद्दल. पालखी तळावर येते, दिंड्या भोवती उभ्या राहतात, टाळांचा नुसता कल्लोळ चाललेला असतो. चोपदार चोप उंच करून आरोळी देतात आणि एका क्षणात सगळं गप्प. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ थांबवत नाही. एवढ्या शांततेत त्यांचेच टाळ वाजत राहतात. मग चोपदार तिकडं जातात, काय झालं ते ऐकून घेतात. ऐकून झालं की टाळ थांबतात. हरवल्या-सापडल्याच्या वस्तू पुकारल्या जातात, उद्याची वेळ सांगितली जाते आणि मगच समाज आरती.

मी हात जोडून उभी होते आणि डोक्यात बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी समेट कर. लहानपणापासून पाठ असलेलं वचन. पण समेट म्हणजे गप्प बसणं असा अर्थ मी ऐकत आले होते. "प्रभूनं क्रूसावरून क्षमा केली, तुम्ही घराच्या एका खोलीसाठी भांडता?" असं मला ऐकवणारे कमी नाहीत. मालक वारल्यापासून सासऱ्यांच्या घरावरून माझं आणि धाकट्या जावेचं बोलणं बंद आहे. ईस्टरच्या पहाटे कब्रस्तानातल्या उपासनेत सगळे "ख्रिस्त उठला आहे" म्हणून हात मिळवत होते, तेव्हा सासूबाईंच्या कबरीवर आम्ही दोघींनी दोन बाजूंनी फुलं ठेवली आणि दोन वाटांनी निघालो. माझे टाळ चालूच होते, ऐकायला कोणी येत नव्हतं. खरं तर तिचेही चालू असणार.

जाऊ फलटणला राहते. पालखी तिथल्या विमानतळाच्या मैदानावर मुक्कामाला उतरली आणि मी काकूंना घेऊन तिच्या दारात उभी राहिले. निमित्त अंघोळीचं. वारीत बायकांची खरी अडचण तीच, निमित्त खोटं नव्हतं. तिनं पाणी तापवलं. पाय सुजलेले बघून पाटावर बसवलं आणि मीठ घातलेल्या पाण्याचं घमेलं पुढं सरकवलं. पाय पाण्यात ठेवूनच मी म्हटलं, "घराच्या कागदावर यांचं नाव का नाही, ते मला आज सांग."

सांगितलं तिनं. दिरांच्या आजारपणातलं कर्ज, बँकेची घाई, आम्हाला विचारायचं राहिलं ते. मधेच आवाज चढला, माझाही चढला. काकू स्वयंपाकघरात जाऊन भाकरी थापू लागल्या, शहाण्या बाई. सगळं मला पटलं असं नाही, खोली मी सोडलेली नाही आणि वकिलाची नोटीसही मागं घेतलेली नाही. पण तिचं बोलणं मी शेवटपर्यंत ऐकलं, तिनं माझं ऐकलं. मग तिनं ताटं मांडली आणि म्हणाली, "ताई, प्रार्थना तुम्ही करा." मी केली, त्यात तिचं नाव घेतलं.

आता तिचा रोज फोन येतो. पुढच्या वर्षी दिंडीतल्या बायकांच्या अंघोळीची सोय अंगणात करायची म्हणते. टँकरचे पैसे कोणी द्यायचे, यावर आमचं अजून जमलेलं नाही.