10 ऑगस्ट आणि एक काडेपेटी

आमच्या मंडळाचा गणपती सगळ्या पेठेला माहीत आहे. 10 ऑगस्टचा, जनरल वैद्यांच्या स्मृतिदिनाचा कार्यक्रम मात्र आमच्यातल्याच अर्ध्या लोकांना आदल्या दिवशी फोन करून सांगावा लागतो. त्यातले निम्मे "बघतो" म्हणतात. पुण्यात "बघतो"चा अर्थ काय होतो, ते सांगायला नको.

1986 साली ती तारीख रविवारी आली होती. मी सहावीत. बाहेरून आलेले वडील चपला न काढताच थेट स्वयंपाकघरात गेले, तेव्हाच आईला कळलं की काहीतरी झालंय. "कॅम्पात जनरल वैद्यांना मारलं." जानेवारीअखेर लष्करप्रमुखपदावरून निवृत्त होऊन पुण्यात राहायला आलेला माणूस. बाजार करून स्वतः गाडी चालवत घरी निघाला होता. मोटरसायकलवरून आलेल्यांनी गोळ्या घातल्या. पत्नी गाडीतच होत्या, त्याही जखमी झाल्या. 1984 च्या जूनमध्ये सुवर्णमंदिरात कारवाई झाली तेव्हा अरुणकुमार वैद्य लष्करप्रमुख होते, त्याचा हा सूड. मला तेव्हा यातलं काही कळलं नव्हतं. वडिलांच्या चिखलाच्या चपला ओट्यापाशी उमटल्या आणि आई काही बोलली नाही, एवढंच आठवतं.

कार्यक्रमाचं म्हणाल तर प्रतिमापूजन, दीपप्रज्वलन, अध्यक्षांचं प्रास्ताविक, सगळीकडे असतं तसंच. निवेदक सन्मानांची यादी वाचतो: पद्मविभूषण, परमविशिष्ट सेवा पदक, अतिविशिष्ट सेवा पदक, महावीरचक्र आणि बार. "बार" म्हटलं की मागच्या रांगेतली पोरं दरवर्षी खिदळतात.

मग सुभेदारसाहेब उठतात. मी या कार्यक्रमाला येतो तो त्यांच्या बारा मिनिटांसाठी. ते ईएमईचे, म्हणजे रणगाडे दुरुस्त करणारे. मागच्या रांगेकडे बघून म्हणतात, "बार म्हणजे तुम्ही समजता तो नाही." महावीरचक्राची फीत अर्धी पांढरी, अर्धी केशरी. तोच सन्मान दुसऱ्यांदा मिळाला तर नवं पदक देत नाहीत, त्याच फितीवर एक आडवी पट्टी चढते. आजवर सहाच जणांच्या फितीवर ती चढली. पोरं गप्प होतात.

1965 चं ते थोडक्यात उरकतात, कारण तेव्हा ते फौजेत नव्हते. वैद्य डेक्कन हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटचे कमांडिंग ऑफिसर होते. त्यांच्याकडे जुने शर्मन रणगाडे, समोर पाकिस्तानचे नवेकोरे पॅटन. पंजाबात असल उत्तरला आपल्या फौजेने घोड्याच्या नालेसारखी मोर्चेबांधणी केली आणि उसाच्या रानात पाणी सोडलं. "पॅटन चिखलात रुतला की शर्मनला तो मोठा वाटत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पाकिस्तानचे 90 हून अधिक रणगाडे तिथे निकामी झाले किंवा आपल्या हाती लागले. पहिलं महावीरचक्र त्या लढाईचं.

1971 आलं की साहेब खिशातून काडेपेटी काढतात. टेबलावर काड्या पसरतात, ते सुरुंग. चहाचे स्टीलचे ग्लास म्हणजे रणगाडे. शकरगढच्या भागात वैद्य 16 स्वतंत्र चिलखती ब्रिगेडचे ब्रिगेडियर होते, आणि साहेब त्याच ब्रिगेडच्या मागे पाने-हातोडे घेऊन. चक्रा आणि देहलीरा या गावांपाशी पुढे सुरुंगच सुरुंग. काड्यांतून बोटाने एक अरुंद वाट करत ते सांगतात की ब्रिगेडियर जिवाची पर्वा न करता स्वतः त्या वाटेने गेले, आणि ते गेले म्हणून मागून रणगाड्यांची अख्खी स्क्वॉड्रन गेली. मग एकेक ग्लास सरकवतात, खर्र खर्र आवाज करत. तो आवाज ऐकला की माझा घसा दाटतो. दरवर्षी. बायको शेजारून रुमाल देते, आता न विचारताच.

शेवटचा ग्लास सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपालचा. त्याची रेजिमेंट पूना हॉर्स याच ब्रिगेडमध्ये होती. खेत्रपालचा जन्म पुण्यातला, वय एकवीस, परमवीरचक्र मरणोत्तर. तो ग्लास साहेब आडवा करत नाहीत, नुसता काड्यांच्या पलीकडे ठेवतात. पुढे, "1983 ला वैद्य साहेब चीफ झाले, मग निवृत्त झाले, पुण्याला आले," एवढं म्हणून खाली बसतात. त्यापुढचं एकदाही बोललेले नाहीत.

आता आभार. एकदा नावं छापली आणि एक राहिलं, ते प्रकरण दिवाळीपर्यंत चाललं. म्हणून नावं नाहीत. हॉल उघडणारे शाळेचे शिपाईमामा. भाडं न घेता माइक देणारे मंडपवाले. सुभेदारसाहेबांना वानवडीहून आणून परत सोडणारे रिक्षावाले दादा. मंडईतून हार आणणारे खजिनदार. रांगोळीवाल्या दोघी बहिणी. चहा आणि वडे करणाऱ्या काकू. फोटोची काच पुसणारी त्यांची नात. आणि हो, पावसात खुर्च्या आत घेणारी ती दोन मुलं, कोणाची होती तेही विचारायचं राहून गेलं.

मागच्या वर्षी मी डोकी मोजली. 41, त्यात नऊ आमच्या घरची. त्याच संध्याकाळी नदीपात्रात आमच्याच मंडळाचं ढोलपथक सरावाला होतं आणि तिथे उभं राहायला जागा नव्हती. ढोल वाजू देत, माझी तक्रार नाही. तासभर उशिरा वाजले असते तर चाललं असतं, एवढंच. यंदा जन्मशताब्दीचं वर्ष, त्या घटनेला चाळीस वर्षं होतायत, आणि 10 ऑगस्टला सोमवार. म्हणजे "बघतो"वाल्यांची सोयच झाली.

मागच्याच वर्षी पाचवीतल्या एका मुलीने मध्येच विचारलं, "यात वैद्य साहेबांचा ग्लास कुठला?" सुभेदारसाहेब थांबले. त्यांनी आपला अर्धा प्यायलेला चहाचा ग्लास उचलला आणि वाटेच्या तोंडाशी, सगळ्यांच्या पुढे ठेवला. थोडा चहा सांडला. टेबलावरच्या कापडावर त्याचा गोल डाग पडला, तो अजून गेलेला नाही. काकू म्हणाल्या, लिंबू लावून बघते. मी म्हटलं, राहू दे.

ते कापडही काकूंच्याच घरचं. वर लिहायचं राहिलं.