युएंडुमूच्या आज्ज्या आणि पेट्रोलचे डबे

ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं अध्यात्म म्हटलं की हल्ली वेलनेसवाले डिजरिडू वाजवून 'डोळे मिटा, निसर्गाशी कनेक्ट व्हा' सुरू करतात, जाम वैताग येतो मला. म्हणून आज युएंडुमूबद्दल लिहितेय.

अ‍ॅलिस स्प्रिंग्सपासून जवळजवळ तीनशे किलोमीटरवर वाळवंटात वार्लपिरी लोकांचं हे गाव. 1990 च्या दशकात तिथली पोरं पेट्रोल हुंगायची, म्हणजे डब्यात घ्यायचं, नाकाशी धरायचं, दिवसभर. मेंदूची वाट लागते, जीवही जातो. शेवटी 1994 मध्ये पेगी नाम्पिजिन्पा ब्राउन आणि इतर म्हाताऱ्या मंडळींनी ठरवलं की या पोरांना गावाबाहेर काढायचं, आणि दीडएकशे किलोमीटर लांब माउंट थिओला नेऊन ठेवलं. तिथे पेट्रोल मिळत नाही, चालत परत यायची सोय नाही, हा सरळ व्यवहार झाला. पण ती जागा आपल्याकडे म्हणतात ना, जागृत, तशी आहे. वार्लपिरी लोक ज्याला जुकुर्पा म्हणतात त्या श्रद्धेनुसार पूर्वज या जमिनीवरून गेले, डोंगर-पाणवठे घडवले आणि कुठल्या जागेची जबाबदारी कोणाची, कोणाचं कोणाशी नातं, लग्न कोणाशी चालतं हे सगळे कायदेही त्यांनीच घालून दिले. त्यामुळे पोरगं तिथे पेशंट म्हणून जात नाही, ते कोणाचं तरी नातवंड असतं आणि त्या जमिनीशी त्याचं काहीतरी देणंघेणं असतं. शिकार करायची, जेवण शोधायचं, आजीचं ऐकायचं. मला तरी यात शांतबिंत बसून ध्यान कुठे दिसत नाही, उलट बऱ्यापैकी शिस्तच दिसते!

नुसतं रानात नेऊन भागलं नाही हेही खरं, गावात परत आल्यावर करणार काय? म्हणून तिथे फुटबॉल, डिस्को वगैरे पण सुरू केलं. अध्यात्म आणि डिस्को एकाच प्रोग्रॅममध्ये, आपल्या संस्कारवर्गवाल्यांना चक्कर येईल 😄

काही वर्षांत हुंगणं जवळजवळ थांबलं. कमी नशा देणारं ओपल पेट्रोल 2005 मध्ये आलं, म्हणजे हे त्याआधीच झालं होतं. सरकारी अहवालांत नंतर ओपलचंच कौतुक जास्त होतं, तेही महत्त्वाचं आहेच म्हणा.

कॅनडातही असंच दिसलंय. चँडलर आणि लालोंड या संशोधकांनी 1998 मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या दोनशेच्या आसपास आदिवासी समूहांचा अभ्यास छापला, त्यात ज्यांच्याकडे स्वतःचा कारभार, जमिनीच्या हक्काचा लढा, शाळा, दवाखाने, सांस्कृतिक केंद्र असं सगळं होतं तिथे त्या काळात तरुणांच्या आत्महत्या जवळपास शून्य, आणि काही समूहांत मात्र आकडे भयानक. म्हणजे आदिवासी असणं हा धोका नव्हताच, हातातून सगळं काढून घेतलं जाणं हा होता.

आणि युएंडुमूत पूर्वी डबा घेऊन फिरणाऱ्यांपैकीच काही जण पुढे त्या प्रोग्रॅममध्ये युथ वर्कर झाले, लहान पोरांना रानात न्यायला.