सुपारीच्या डागाचे कापड : आमची वाटचाल

श्रीवर्धनला ज्यांच्या घरामागे पोफळीची, म्हणजे सुपारीच्या झाडांची, वाडी आहे, त्यांच्याकडे तपकिरी डाग पडलेले एखादे जुने लुगडे हमखास सापडते. ओली सुपारी सोलताना तिचा रस कापडाला लागला की तो कितीही धुतला तरी निघत नाही, म्हणून माझ्या सासूबाई सुपारीच्या कामासाठी एक लुगडे वेगळेच ठेवीत आणि त्या दिवसांत तेवढेच नेसत. २०१४ साली मी आणि माझ्या धाकट्या जाऊबाईंनी झाडापानांच्या रंगांत कापड रंगवण्याचा उद्योग सुरू केला, तेव्हा हे लुगडे रोज आमच्या डोळ्यांसमोर दोरीवर वाळत होते, पण आमचे लक्ष त्याच्याकडे गेले नाही. आम्ही रंग शोधायला गेलो ते कोकमाकडे.

कोकमाचा मोह पडण्यासारखाच आहे. पिकलेल्या फळांची साले पाण्यात कुस्करली की जो गुलाबी रंग उतरतो, तसा दुसरा कोणता कोकणच्या परसात मिळत नाही. आम्ही चाळीस सुती ओढण्या त्या रंगात बुडवल्या, सावलीत वाळवल्या आणि पुण्यात एका सभागृहात भरलेल्या हस्तकलेच्या प्रदर्शनात तीन हजार रुपये भाडे भरून एक टेबल घेतले. दोन दिवसांत सव्वीस ओढण्या खपल्या. परतीच्या एसटीत आम्ही दोघींनी पुढच्या वर्षाचे हिशेबसुद्धा मांडले होते.

आठवडाभरात फोन सुरू झाले. पहिल्याच धुण्यात ओढणी हिरवट-राखाडी झाली होती. कोकमाचा रंग आंबट पाण्यात तांबडा राहतो आणि साबणाचे पाणी लागले की बदलतो, हे आम्हाला कोणत्या पुस्तकात वाचायची गरज नव्हती, कारण सोलकढी सांडलेल्या सदऱ्याला साबण लावल्यावर काय होते ते आमच्या घरात सर्वांनी पाहिलेले होते. मात्र स्वयंपाकघरातले ज्ञान धंद्यात वापरायचे असते, हे तेव्हा आम्हाला सुचले नव्हते. हळदीच्या पिवळ्याचेही तसेच, तो उन्हात उडतो. एकोणीस जणींचे पैसे आम्ही मनीऑर्डरने आणि बँकेतून परत केले. उरलेल्या सात जणींनी तक्रार केली नाही, त्याचेच आम्हाला अधिक वाईट वाटले.

त्या प्रदर्शनात आमच्या शेजारच्या टेबलावर हाताने वह्या बांधणाऱ्या पुण्याच्या एक ताई होत्या. दोन दिवसांत त्यांनी आमच्याशी मोजकेच बोलणे केले होते, पण जाताना फोन क्रमांक देऊन गेल्या होत्या. सगळा प्रकार सांगायला मी त्यांनाच फोन केला. त्यांनी धीर वगैरे दिला नाही. त्यांनी विचारले, "एका ओढणीला तुमचे तास किती गेले, वहिनी?" मला सांगता आले नाही. "मग पाचशे रुपये ही किंमत कुठून आली?" तेही सांगता आले नाही, कारण शेजारच्या दुसऱ्या टेबलावर तेवढीच किंमत लावलेली पाहून आम्ही ती उचलली होती. त्यानंतरचे दोन महिने त्या दर रविवारी फोनवर माझ्याकडून हिशेब वदवून घेत. कापड, सरपण, तुरटी, प्रवास, टेबलाचे भाडे, खराब निघालेला माल आणि शेवटी दोघींची मजुरी, असा तो हिशेब होता. मजुरी लिहायला मी बिचकत होते. घरच्या बाईने घरच्या कामाची मजुरी लावायची नसते, हा संस्कार सहजी जात नाही. ती मजुरी धरून पुढच्या ओढणीची किंमत साडेआठशे निघाली आणि ती त्या किमतीला विकलीही गेली.

रंग टिकवण्याचे खरे शिक्षण त्या वर्षानंतर सुरू झाले. सुती कापड रंग सहजी धरत नाही. आधी ते सोड्याच्या पाण्यात उकळून त्याची खळ काढावी लागते, मग हिरड्याच्या पाण्यात भिजवून त्याला तुरटपणा द्यावा लागतो आणि त्यानंतर तुरटी लावावी लागते. आमच्याकडे एक किलो कापडाला दीडशे ते दोनशे ग्रॅम हिरडापूड आणि जवळजवळ तेवढीच तुरटी लागते. काळा रंग हवा असेल तर गंजलेले खिळे, तुटकी विळी, घोड्याचा जुना नाल असे लोखंड गुळाच्या पाण्यात दोन आठवडे आंबत ठेवायचे. हिरडा लागलेले कापड त्या पाण्यात घातले की पाहता पाहता काळे पडते. परिमाणे वहीत लिहिता येतात, पण पाणी लिहिता येत नाही. हीच कृती आम्ही एकदा मुंबईत नळाच्या पाण्यावर केली, तर रंग आमच्या विहिरीच्या पाण्यापेक्षा चांगलाच वेगळा आला. तेव्हापासून बाहेरगावी प्रात्यक्षिक असले की घरच्या पाण्याचे दोन कॅन टेम्पोत बरोबर असतात, आणि ते पाहून लोक हसतात.

पुढची पाच वर्षे प्रदर्शनांची होती. श्रीवर्धनहून म्हसळ्यामार्गे माणगावला आणि तिथून पुढे, असा प्रवास करून आम्ही डिसेंबरात पुण्याच्या भीमथडी जत्रेपासून ते फेब्रुवारीच्या सुमारास मुंबईत भरणाऱ्या काळा घोडा कला महोत्सवापर्यंत जिथे जिथे जागा मिळाली तिथे गाठोडी सोडली, आणि जिथे नाही मिळाली तिथे नुसते पाहायला गेलो. प्रदर्शनाचे आयुष्य बाहेरून जत्रेसारखे दिसते, आतून ते पुष्कळसे पाय दुखण्याचे असते. सकाळी टेबल लावायचे, दिवसभर "हे मशीनवर केलेय का हो?" या प्रश्नाला उत्तर द्यायचे आणि रात्री उरलेला माल मोजायचा. तरीही त्यातले दुपारचे दोन ते चार हे तास मला फार मोलाचे वाटतात. त्या वेळी गिऱ्हाईक नसते, डबे उघडलेले असतात आणि एकमेकांच्या टेबलांमागे जाऊन बसता येते. आमच्या धंद्यातले जे काही शहाणपण आहे, त्यातले निम्मे या दोन तासांत मिळालेले आहे.

सावंतवाडीच्या चितार आळीशी नाते असलेले एक कारागीर आम्हाला असेच भेटले. ते लाकडी फळे आणि खेळणी घेऊन येत. कातयंत्रावर फिरणाऱ्या लाकडाला लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते, हे त्यांनी दाखवले तेव्हा आम्ही दोघी चहा विसरून उभ्या होतो. कापडावर नक्षी छापायचे आमचे ठसे तोपर्यंत गुजरातेतून येत, आणि त्यांच्यावर आंबे, कोयऱ्या, वेलबुट्ट्या, म्हणजे सगळ्यांकडे असते तेच असे. त्यांनी पोफळीचे झाड, होडी, माडाची झावळी आणि केवड्याचे कणीस असे चार ठसे सागात कोरून दिले. पैसे विचारले तर म्हणाले, "पहिले चार मैत्रीत. पाचव्यापासून दर लावतो." दर त्यांनी खरोखरच लावला, आणि तो कमी नव्हता.

त्यांच्यामुळे कुडाळजवळच्या पिंगुळीला जाणे झाले. ठाकर समाजाच्या चित्रकथीच्या पोथ्या, म्हणजे कथा सांगताना एकामागून एक दाखवायच्या कागदावरील चित्रांचे संच, तिथे पाहायला मिळाले. या परंपरेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, त्या वेळी आमच्या प्रदर्शनवाल्या मंडळींत घरचे कार्य असल्यासारखे फोन झाले होते. त्या चित्रांतील आकृत्यांचे मोठे डोळे आणि भरगच्च काठ पाहून आल्यावर आमच्या जाऊबाईंनी ओढण्यांचे काठ रुंद केले. चित्रे उचलली नाहीत. ती त्यांची आहेत, आणि हा नियम आम्ही स्वतःला घालून घेतला आहे, कारण आमच्या पोफळीच्या ठशाची हुबेहूब नक्कल रासायनिक रंगात छापून नैसर्गिक म्हणून विकलेली आम्ही पुढे एका मोठ्या शहरातील दुकानात पाहिली. त्या दुकानदाराशी भांडण्याइतका वेळ आणि पैसा आमच्यापाशी नव्हता.

३ जून २०२० या दिवशी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आले. टाळेबंदीमुळे प्रदर्शने आधीच बंद होती आणि घरात रंगवलेला माल पडून होता. दुपारभर वाडीतून मोडण्याचे आवाज येत राहिले. वारा ओसरल्यावर मोजले तेव्हा चारशेपैकी दोनशे सत्तर पोफळी आडव्या झालेल्या होत्या. पोफळ लावल्यापासून फळ धरेपर्यंत पाच ते सात वर्षे जातात, त्यामुळे मिस्टर आणि भाऊजी त्या रात्री काय बोलत होते ते सांगायला नको.

आडव्या झाडांवर हिरव्या सुपारीचे घड होते. आमच्या श्रीवर्धनी रोठ्याची, म्हणजे इकडच्या सुपारीची, पद्धत अशी की सुपारी झाडावर पिकू द्यायची, सालासकट दीडेक महिना उन्हात वाळवायची आणि मग सोलायची, त्यामुळे कोवळ्या सुपारीला इथे किंमत नाही. सासूबाई मात्र तिसऱ्या दिवशी आपले ते डागाळलेले लुगडे नेसून अडकित्ता घेऊन पडवीत बसल्या आणि घड सोलू लागल्या. कुजून जाण्यापेक्षा काहीतरी हाताला लागेल, एवढाच त्यांचा विचार होता. जाऊबाई त्यांच्याकडे पाहत उभ्या राहिल्या आणि मग मला हाक मारून म्हणाल्या, "वहिनी, आईंचे लुगडे बघा. सहा वर्षे आपण काय शोधत होतो?"

कर्नाटकातील मलनाडात कोवळी सुपारी सोलून उकळतात आणि त्या उकळण्यातून उरणाऱ्या दाट रसाला चोगरू म्हणतात, त्यात कापडही रंगवतात, हे आम्ही एका प्रदर्शनात ऐकलेले होते. ऐकले, मान डोलावली आणि विसरलो. कोवळ्या सुपारीत तुरटपणा पिकलेल्या सुपारीपेक्षा अधिक असतो, त्यामुळे तिला हिरड्याचीही गरज पडत नाही, नुसती तुरटी पुरते. कोकम साबणाला भिते, तर सुपारीला चुना लागला की ती अधिकच लाल होते, हे विडा खाणाऱ्याला वेगळे सांगायला नको. वीज कित्येक दिवस नव्हती, सरपणाची मात्र कमतरता नव्हती. त्या पावसाळ्यात आम्ही सुपारीचे काप करून चुलीवरच्या माळ्यावर धुरात वाळवले आणि पोती भरली. फिक्या विटकरीपासून गडद तपकिरीपर्यंत आणि लोखंडाच्या पाण्याने राखाडीपर्यंत, अशा सात छटा बसवायला पुढचे वर्ष गेले. आज आमच्या विक्रीतील जवळपास दोन तृतीयांश माल या सात छटांचा आहे. आता दर पावसाळ्यात कोळे या बुरशीच्या रोगाने गळणारी सुपारी आम्ही शेजारच्या वाड्यांतून विकत घेतो. बोर्डो मिश्रण, म्हणजे या रोगावरचे मोरचूद-चुन्याचे औषध, फवारलेल्या घडांची सुपारी मात्र वेगळी ठेवतो, कारण त्यातील मोरचुदाने छटा हिरवटाकडे झुकते.

शिबिरांची कल्पना आमची नव्हती, वह्या बांधणाऱ्या ताईंची होती. वादळानंतर त्या मदत म्हणून पैसे पाठवणार होत्या. मी नको म्हटले. तेव्हा त्या म्हणाल्या, "मग मी आठ जणी घेऊन येते, तीन दिवस राहतो, तुम्ही शिकवा आणि फी घ्या." २०२२ च्या जानेवारीत पहिले शिबिर झाले. आम्ही त्याला तासांचे वेळापत्रक केले होते, ते पहिल्याच सकाळी मोडले, कारण सागाचे कोवळे पान तळहातावर चुरले की हात लाल होतो हे कोकणातल्या पोरांना ठाऊक असलेले गुपित एकीला कळले आणि मग आठही जणी दुपारपर्यंत सागाखालीच होत्या. त्यातून पानांचे छाप कापडावर उमटवण्याचे सत्र आपोआप झाले. आता वर्षाला चार शिबिरे होतात, सगळी नोव्हेंबर ते मार्चमध्ये, कारण पावसाळ्यात आमच्याकडे कापड वाळत नाही, त्याला बुरशी येते. एका वेळी दहापेक्षा अधिक माणसे घेत नाही. अधिक घ्यावीत असे हिशेब सांगतो, पण चुलाणे तीनच आहेत, आणि तांदळाची भाकरी थापणाऱ्या मावशीही एकच आहेत.

आमच्याकडे सध्या आम्ही दोघी धरून सात जणी काम करतात. प्रदर्शने वर्षाला तीनच करतो. विकल्यावर पैसे देऊ म्हणणाऱ्या दुकानांना माल देत नाही. एका दुकानाने आठ महिने खिडकीतल्या उन्हात टांगलेले कापड परत पाठवल्यावर तो धडा घेतला. वादळानंतर लावलेल्या पोफळी आता छपराच्या वर गेल्या आहेत.

कोकमात रंगवलेले कापड आम्ही विकत नाही. त्या पहिल्या चाळिसांतली एक ओढणी मात्र ठेवलेली आहे. शिबिराच्या पहिल्या संध्याकाळी कोकमात रंगवलेला कापडाचा एक तुकडा प्रत्येकीच्या हाती देतो, साबणाच्या पाण्याचे तसराळे पुढे ठेवतो आणि ती ओढणी शेजारी पसरतो. गेल्या फेब्रुवारीत आलेल्या एक बाई ती ओढणी बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या की अशी एक त्यांच्याकडेही आहे, आठ-दहा वर्षांपूर्वी पुण्यात घेतलेली, आणि धुतल्यावर आलेला तो राखाडी रंग आवडला म्हणून त्यांनी कधी तक्रार केली नव्हती.